श्रद्धेतून घडणारे शील : टिळक दांपत्याचा दाखला

ख्रिस्ती धर्मविचारात शीलाची चर्चा कृपेपासून सुरू होते. कृपा म्हणजे माणसाच्या पात्रतेचा हिशेब न मांडता देवाने केलेला त्याचा स्वीकार. हा स्वीकार आधी आणि वागणुकीतला पालट नंतर, असा या विचाराचा क्रम आहे. पहिल्या घटनेस ईश्वरविज्ञानात ‘नीतिमान ठरवले जाणे’ म्हणतात आणि त्यानंतर आयुष्यभर चालणाऱ्या घडणीस ‘पवित्रीकरण’ अशी संज्ञा आहे. पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात प्रीती, सहनशीलता, सौम्यता, इंद्रियदमन असे नऊ गुण एकत्र सांगितले आहेत, मात्र त्या सर्वांसाठी मूळ ग्रीकमध्ये योजलेला ‘फळ’ हा शब्द एकवचनी आहे. हे गुण सुटे सुटे कमवायचे नसून एकाच झाडाला ते सगळे मिळून धरतात, हे त्यातून सुचते; आणि फळ म्हटले की ते पिकायला लागणारा काळही आलाच.

हा काळ किती लांबू शकतो, हे मराठी वाचकाला ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या चरित्रांत जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच कुठे दिसेल. नारायण वामन टिळकांचा जन्म 1861 साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा, चित्पावन ब्राह्मण कुटुंबातला. 1893 च्या सुमारास राजनांदगावकडे जाताना आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार वाचायला दिला आणि त्यातील डोंगरावरील प्रवचनाने, म्हणजे येशूने शिष्यांस दिलेल्या नीतीच्या शिकवणीने, त्यांचे मन व्यापून टाकले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पत्नीला या निर्णयाची कल्पनाही नव्हती. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची शिकवण ज्या दिवशी टिळकांनी जाहीरपणे स्वीकारली, त्याच दिवशी घरातल्या सर्वांत जवळच्या माणसावर आकाश कोसळले. हा विरोधाभास झाकून टिळकांचे चरित्र सांगता येत नाही, आणि लक्ष्मीबाईंनी तो झाकलेलाही नाही.

1934 पासून भागांनी प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी पतीचा तापट, लहरी स्वभाव जसा लिहिला तशीच त्याची उदारताही लिहिली. बाप्तिस्म्याने टिळकांचा राग एका रात्रीत निवाला नाही. पवित्रीकरणाच्या कल्पनेत याला जागा आहे, कारण श्रद्धा स्वभाव पुसून टाकत नाही, स्वभावाला वळण लावते. टिळकांचा जो उतावीळपणा संसारात जाचक ठरला, त्यालाच पुढे निराळी दिशा मिळाली आणि 1917 साली त्यांनी ख्रिस्ती मिशनचे वेतन सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र आणणारा हा बंधुसंघ होता. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते म्हणत. भजन आणि कीर्तन हे वारकऱ्यांचे मार्ग त्यांनी ख्रिस्ती उपासनेत रुजवले, ते या जाणिवेतूनच.

शीलाची घडण मात्र अधिक खोलवर दिसते ती लक्ष्मीबाईंच्या ठायी. नाशिकजवळच्या जलालपूरचे त्यांचे माहेर अत्यंत कडक सोवळ्याचे होते. सोवळे म्हणजे स्पर्शाने विटाळ होऊ नये म्हणून स्नान, वस्त्र, पाणी आणि अन्न यांविषयी पाळायचे नियम. पतीच्या धर्मांतरानंतर त्या काही वर्षे वेगळ्या राहिल्या, पंढरपुरास नातलगांच्या आश्रयाला होत्या, आणि पुढे पतीकडे आल्या तरी सोवळे सोडायला तयार नव्हत्या. एकाच संसारात दोन धर्म नांदत होते आणि टिळकांनी, त्यांच्या तापटपणाकडे पाहता विशेष म्हणावे असे, पत्नीवर धर्मांतराची सक्ती केली नाही.

पालट झाला तो राहुरीस, आणि कोणाच्याही उपदेशाविना. लक्ष्मीबाई एकट्याच विचार करीत होत्या की, जाती देवाने निर्माण केल्या की माणसाने? देवाने केल्या असत्या तर पशूंच्या जातींत दिसतो तसा फरक माणसांच्या देहांतही दिसला असता. पण जन्म, मरण, भूक, मानापमान सर्वांना सारखेच. तेव्हा जात माणसाने केलेली, असा निष्कर्ष काढून त्यांनी यापुढे कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे ठरवले. बाप्तिस्मा त्यानंतरचा, 1900 सालचा. वर्षानुवर्षे जपलेली विटाळाची भीती परक्या हातच्या ओंजळभर पाण्यापाशी ओलांडणे ही मोठ्या धैर्याची गोष्ट होती. ख्रिस्ती परिभाषेत ज्याला पश्चात्ताप म्हणतात, त्याच्या मूळ ग्रीक शब्दाचा, ‘मेटानोइया’चा, अर्थ मन बदलणे असा आहे; मराठी शब्दातला हळहळीचा भाग बाजूला ठेवला तर राहुरीस घडले ते नेमके हेच.

अहमदनगरात (आजच्या अहिल्यानगरात) प्लेगची साथ असताना याच लक्ष्मीबाईंनी आजाऱ्यांची शुश्रूषा केली, आणि निराधार मुलांना टिळकांच्या घरात आसरा मिळत राहिला. पूर्वी ज्यांच्या सावलीलाही जपायचे, त्यांचे अंग पुसणे आणि त्यांना भरवणे हे आता नित्याचे झाले. एका पिढीच्या आत घडलेला हा प्रवास कोणत्याही धर्मग्रंथाच्या भाष्यापेक्षा बोलका आहे.

टिळक 9 मे 1919 रोजी मुंबईत वारले, तेव्हा येशूचे चरित्र सांगणारे त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य थोड्याच अध्यायांवर थांबलेले होते. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या आणि लग्नानंतर अक्षरओळख झालेल्या लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतले आणि उरलेला फार मोठा भाग स्वतः ओवीबद्ध केला. 1936 मध्ये त्या गेल्या. पूर्ण झालेले ‘ख्रिस्तायन’ वाचकांपर्यंत पोहोचले ते त्यांच्या मागे.