चोर्ल्यात काटा खाली आला तेव्हा

बेळगावची भाजी गोव्याला जाते हे आपल्या भागात कुणाला नव्याने सांगायला नको. रात्री भरलेली पिकअप जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरते आणि उजाडेपर्यंत डिचोली, म्हापसा गाठते. आमच्या दादाची डिझेल पिकअप 2002 पासून या वाटेवर आहे. माझी एम.ए.ची फी तिनेच भरली. तेव्हा साहित्य शिकवणारा माणूस असलो तरी तिच्या तब्येतीविषयी चार शब्द लिहिण्याचा मला थोडा हक्क आहे, असे मी समजतो.

या गाडीबद्दल दादाला एक अभिमान होता. “आमची गाडी कधी तापत नाही.” टेंपरेचरचा काटा नेहमी तळाशी. पण त्याचे कारण आमच्या लक्षात कधी आले नाही. भरलेली गाडी घाट उतरायची आणि चढताना मागे फक्त रिकामे क्रेट असायचे. तिची खरी परीक्षा कधी झालीच नव्हती.

ती झाली मे 2013 मध्ये. डिचोलीच्या आत्याने तिथले बिऱ्हाड मोडून कायमचे आमच्याकडे यायचे ठरवले. दोन लोखंडी कपाटे, दिवाण, तांब्याचे हंडे, आणि नको नको म्हणत असताना जाते व पाटा-वरवंटासुद्धा गाडीत चढले. पुढे आम्ही तिघे. भर दुपारी घाटाला लागलो. दादा सवयीने तिसऱ्या गिअरमध्ये गाडी ओढत होता आणि काटा, मी तरी पहिल्यांदाच, वर सरकताना पाहिला. लाल रेघेजवळ गेल्यावर दादाने गाडी कडेला घेतली, इंजिन चालूच ठेवले आणि तो चाकाला दगड लावायला उतरला. मी शहाणपणा करून बॉनेट उघडले, पंचा हाताला गुंडाळला आणि रेडिएटरच्या झाकणाला हात घातला.

“हात लावू नको गा!” आत्या आतून ओरडली. “कुकरचं झाकण वाफ गेल्याशिवाय उघडतास काय?”

आत्याने आयुष्यात कधी गाडी चालवली नव्हती, पण तिचे म्हणणे शंभर टक्के शास्त्रीय होते. रेडिएटरचे झाकण म्हणजे कुकरचेच झाकण. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंच, त्यामुळे इथे पाणी शंभराच्या आधीच, 97-98 अंशांवर उकळते. झाकणावर 0.9 असा आकडा असेल तर ते आत तेवढा जास्तीचा दाब धरून ठेवते आणि तेच पाणी 117-118 अंशांपर्यंत उकळत नाही. गरम असताना झाकण सैल केले की दाब उतरतो, सगळे पाणी एकदम उकळून बाहेर उसळते, आणि समोर असतो तो आपला चेहरा.

अर्ध्या-पाऊण तासाने दादाने झाकण काढले, आमच्या पिण्याच्या बाटल्या आत रिकाम्या केल्या आणि आम्ही निघालो. तीन-चार वळणांनंतर काटा चक्क खाली आला, अगदी तळाला. आम्हाला हायसे वाटले. आत्याने हात जोडले. आणि पाच मिनिटांत गाडीची ओढ गेली, करपल्यासारखा वास आला आणि इंजिन बंद पडले.

झाले होते असे, की खालचा रबरी पाइप फुटून सगळे पाणी रस्त्यावर गेले होते. काट्याला खबर देणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो, तो पाण्याचे तापमान सांगतो. पाणीच गेले की तो कोरडा पडतो आणि काटा खाली येऊ शकतो. चढावर, भार असताना काटा अचानक पडला तर आनंद मानायचा नाही, गाडी तिथेच थांबवून इंजिन ताबडतोब बंद करायचे. (पाणी असताना तापली तर उलटे. भार काढून दोन-चार मिनिटे चालू ठेवावी म्हणजे पाणी फिरत राहते. हीटर असेल तर पुरता सोडावा. उन्हाळ्यात अंगाची काहिली होते, पण इंजिनची थोडी उष्णता तेवढीच बाहेर पडते.) मागून आलेला एक भला ट्रकवाला गार पाण्याची घागर घेऊन धावला, त्याला दादाने हात धरून अडवले. तापलेल्या हेडमध्ये गार पाणी पडले तर तडा जातो, एवढे त्याला माहीत होते.

गाडी ओढून बेळगावला आणली. हेड वाकले होते, गॅस्केट जळाले होते. हेड लेथवर घासून घ्यावे लागले. दोन आठवडे धंदा बंद, ऐन हंगामात. दादा मला काही बोलला नाही, पण त्या दिवसांत जेवताना घरात रेडिओ लागत नव्हता.

मेस्त्रींनी इंजिन उघडून एकेक पाप बाहेर काढले. रेडिएटरच्या जाळीत चिखल आणि पाचटाचा भुसा. आत बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर, गिझरच्या कॉइलवर बसतो तसा. आणि थर्मोस्टॅटच्या जागी काहीच नाही! वर्षांपूर्वी कुणीतरी “काढून टाका, गाडी थंड राहते” म्हणून काढला होता. दादाचा अभिमान असा एका रिकाम्या भोकावर उभा होता.

“सर, इंजिनला बी ताप पायजे,” मेस्त्री म्हणाले. गार इंजिनात डिझेल नीट जळत नाही, धूर वाढतो, अॅव्हरेज पडते, सिलिंडर झिजतात. शिवाय आमच्या इंजिनात थर्मोस्टॅट उघडताना दुसरीकडची आडवाट बंदही करतो. तोच नसेल तर काही पाणी रेडिएटरला वळसा घालून तसेच गरम परत येते. म्हणजे सपाटीवर गाडी गारठणार आणि घाटात तापणार.

माझा विश्वास बसेना. नवा थर्मोस्टॅट आणला, कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागातून थर्मामीटर मागून घेतला आणि वहिनींच्या पातेल्यात दोन्ही दोऱ्याने टांगले. ऐंशीपर्यंत ढिम्म. 82-83 ला बारीक फट पडली. पंचाण्णवच्या आसपास पूर्ण उघडला. आत मेण असते, ते वितळून फुगते आणि झडप ढकलते. ना वायर, ना बॅटरी. वहिनी, आत्या आणि दादा तिघेही गॅसभोवती उभे होते. दादाने तो तीनदा उघड-मीट करून पाहिला, मग म्हणाला, “लावू या.”

आता बोअरचे पाणी बंद आहे. निम्मे कूलंट, निम्मे डिस्टिल्ड वॉटर. नुसते कूलंटही भरायचे नाही, कारण उष्णता वाहून नेण्यात पाणीच सरस. कूलंट उकळबिंदू वाढवते आणि गंज रोखते. दर दोन वर्षांनी बदलतो. जाळी आतल्या बाजूने बाहेर, हलक्या धारेने धुतो, जोराच्या धारेने पाती वाकतात. पाइप दाबून पाहतो, फुगलेला किंवा चिरलेला दिसला की जातो. पट्टा ढिला असेल तर पंखा आणि पंप दोन्ही मंदावतात.

सर्वांत अवघड गेली ती दादाची सवय. चढाला तो आता दुसऱ्यात उतरतो. इंजिन ओरडते, त्याला ते डिझेल उधळल्यासारखे वाटते. पण फेरे वाढले की पंप आणि पंखाही जोरात फिरतात. तिसऱ्यात कण्हत चढणारे इंजिन उष्णता तयार करते आणि ती बाहेर टाकायला त्याच्याकडे वारा नसतो.

गाडी अजून आहे, जवळच्या फेऱ्यांना. काटा मध्यावर असतो. कूलंट मिसळलेल्या पाण्याचे दोन कॅन सीटमागे असतात आणि कणकुंबीला थांबून दादा बाटलीची पातळी पाहतो, मग चहा. थर्मामीटर मात्र रसायनशास्त्र विभागाला परत करायचा राहून गेला आहे.