काळ्या जमिनीवरचे घर: पायाचा हिशेब आधी करा

घर बांधून दोन पावसाळे होतात न होतात, तोच खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते आणि दार चौकटीत अडकू लागते. बोल गवंड्याला लागतो. विदर्भ, मराठवाडा, सोलापूर या पट्ट्यांत खरे कारण पुष्कळदा जोत्याखाली असते: काळी माती.

दख्खनच्या बेसॉल्ट खडकाची झीज होऊन तयार झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज भरपूर असते. त्याच्या पातळ थरांमध्ये पाणी शिरले की थर दूर सरतात आणि माती फुगते. उन्हाळ्यात ती आक्रसून भेगाळते. घराच्या मधोमध, जोत्याखाली ओल टिकून राहते, कडेची माती मात्र पावसाळ्यात भिजते आणि उन्हाळ्यात सुकते. त्यामुळे पाया सगळीकडे सारखा हलत नाही आणि भिंती तडकतात. यात मोठ्या इमारतीपेक्षा एकमजली घर जास्त सोसते, कारण फुगणाऱ्या मातीला दाबून धरण्याइतके वजनच त्याच्याकडे नसते. म्हणून उथळ पायात नुसती सळई वाढवून भागत नाही.

माती किती फुगते, हे साध्या चाचणीत कळते. वाळवून चाळलेली 10 ग्रॅम माती एका नळीत पाण्यात आणि तेवढीच दुसऱ्या नळीत रॉकेलमध्ये 24 तास ठेवतात. रॉकेलमध्ये ती फुगत नाही. तिथे ती 12 मिलिलिटरवर आणि पाण्यात 21 मिलिलिटरवर बसली, तर फुगवटा 75 टक्के.

चार-पाच फुटांवर घट्ट मुरूम लागत असेल, तर पाया तिथवर नेणे सहसा सर्वांत स्वस्त. काळी माती खोल असेल, तर ती काढून न फुगणारी चिकट माती किंवा तसा मुरूम थराथराने दाबून भरतात. या तंत्राचा पाया आयआयटी मुंबईच्या आर. के. कट्टी यांच्या संशोधनाने घातला. पण 1000 चौरस फुटांखाली 3 फूट माती बदलायची, म्हणजे 30 ब्रास उचलायची आणि दाबल्यावर 30 ब्रास होईल इतका, म्हणजे त्याहून जास्त, मुरूम आणायचा. मुरूम लांबून येणार असेल, तर वाहतूकच डोईजड होते.

तिसरा मार्ग रुर्कीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने रुळवला: साधारण साडेतीन मीटर खोल पाइल, तळाजवळ खांबाच्या अडीचपट रुंद फुगवटा. ऋतूंनुसार ओल बदलते तो थर ओलांडून पाइल स्थिर मातीत रुततात. वरची जोत्याची तुळई जमिनीला टेकू देत नाहीत, म्हणजे माती फुगली तरी ती उचलली जात नाही.

यातला कोणता मार्ग परवडेल, हे मुरूम किती खोल आहे त्यावर ठरते. तेव्हा प्लॉटचा सौदा पक्का करण्याआधी एक खड्डा खणून घ्या, माती तपासा. आणि घर झाल्यावर भोवती फरसबंदी करून न्हाणीचे, पागोळ्यांचे पाणी पायापासून दूर काढा.