गोष्ट रचताना – लेखांक ११ : पात्रांची बोली

गोष्टीच्या शेवटाबद्दल लिहीन, असं गेल्या वेळी म्हटलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतोय, कारण अकोल्याहून एक पत्र आलंय आणि ते काही मला स्वस्थ बसू देत नाही. मागच्या एका लेखात उदाहरणाला घेतलेल्या, एसटी स्टँडवर उभ्या असलेल्या आपल्या सासू-सुनेबद्दल एक वाचक बाई विचारतात : या दोघी वऱ्हाडातल्या, मग बोलतात पुण्यातल्यासारखं, ते का? मी त्यांना वऱ्हाडीत बोलतं केलं, तर सांगलीचा माणूस पुढे वाचेल का? आणि अवघड शब्दांचे अर्थ कंसात द्यायचे का?

पहिल्याचं उत्तर सोपं. तेव्हा आपण प्रसंगाचा क्रम लावत होतो, म्हणून संवाद मुद्दाम कोरे ठेवले होते. उरलेले दोन प्रश्न मात्र माझ्या फार आवडीचे आहेत. दिवाळी अंकांसाठी आलेल्या कथा वाचताना दर वर्षी मी याच जागी अडखळतो.

सासूचं वाक्य आठवा. "तू निघाली आहेस खरी, पण पोचलीस की लगेच फोन कर. मला काळजी लागून राहते." यावर नवशिक्या लेखकाचा पहिला हात असा फिरतो : "तू निघाली हायेस खरी, पन पोचलीस की लगीच फोन कर. मला काळजी लागून ऱ्हाती." आता ही बाई कुठली? अकोल्याची नाही, साताऱ्याची नाही, बीडचीही नाही. 'ण'चा 'न' केला, 'आहे'चं 'हाय' केलं, की झाली ग्रामीण भाषा, अशी एक समजूत आहे. नाटक-सिनेमांनी ती पोसली. ही भाषा महाराष्ट्रातल्या कुठल्याच गावात कुणी बोलत नाही. तयार प्रमाण वाक्यावर वरून कोथिंबीर भुरभुरावी, तसे हे उच्चार असतात. आतलं वाक्य पुण्याचंच राहतं.

वऱ्हाडातली सासू साधारण असं म्हणेल : "जाऊन तं राह्यली तू, पन पोचली का फोन करजो माय. माह्या जिवाले घोर राह्यते." इथे वाक्याचा सांगाडाच वेगळा आहे. चालू असलेली क्रिया 'जाऊन राह्यली' अशी येते, पुढे करायच्या कामासाठी 'करजो' येतं, आणि 'ला'च्या जागी 'ले' येतो. सुनेला 'माय' म्हणणं तर उच्चारात बसतच नाही, ते नात्यात बसतं.

आता हीच बाई कोल्हापूरची करा. "पोचल्यावर फोन कर बाई. मी वाट बघतो." एकही अक्षर मोडलेलं नाही, शुद्धलेखनाच्या पुस्तकातून उचलावं तसं वाक्य आहे. पण बाई 'बघतो' म्हणाली आणि कोल्हापूर समोर आलं. तिकडच्या अनेक बायका स्वतःबद्दल बोलताना 'येतो', 'जातो', 'करतो' असंच म्हणतात. ज्याला हे ठाऊक आहे त्याला गाव कळतं. ज्याला ठाऊक नाही तो क्षणभर थबकतो, पण अर्थापाशी अडत नाही.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. आधी वाक्याची घडण, मग हाक आणि नातं, मग त्या मुलखाचे शब्द, आणि उच्चाराप्रमाणे मोडलेलं लेखन सगळ्यात शेवटी. बहुतेक जण हा क्रम उलटा लावतात, शेवटच्या पायरीवरून सुरू करतात आणि तिथेच थांबतात.

उच्चार लिहूच नयेत असं नाही. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांनीही पात्राच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे लिहायला वाट ठेवलेली आहे. 'असे केले'च्या जागी 'असं केलं' तिथूनच आत आलं. प्रश्न किती, हा आहे. पात्राला एक-दोन उच्चार द्या आणि ते शेवटपर्यंत पाळा. पहिल्या पानावर 'डोया' म्हणणारा म्हातारा चौथ्या पानावर 'डोळा' म्हणायला लागला, की त्याच्यामागे बसलेला लेखक दिसतो.

हाक आणि नातं हा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. मराठीत एक माणूस दुसऱ्याला काय म्हणून हाक मारतो, एवढ्यावर अर्धी गोष्ट सांगून होते. बायको नवऱ्याला 'अहो' म्हणते, 'अरे' म्हणते, की पोराच्या नावाआडून बोलते? आईला 'तू' आणि वडिलांना 'तुम्ही' म्हणणारं घर आहे, की दोघांनाही 'तू' म्हणणारं? हे आधी ठरवलेलं असलं, की ते बदलता येतं, आणि बदललं की प्रसंग घडतो. जन्मभर 'दादा, तू' म्हणत आलेला धाकटा भाऊ वाटणीच्या दिवशी 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणतो. आदर वाढला आणि नातं तुटलं. "तो रागाने म्हणाला" हे शब्द तिथे लिहाल तर उलट त्या 'तुम्ही'ची धार जाईल.

आता सांगलीच्या वाचकाचा प्रश्न. कंसात अर्थ देऊ नका. पात्र बोलत असताना मध्येच लेखकाचा आवाज आला, की संवाद संपतो आणि शिकवणी सुरू होते. अर्थ पुढच्या वाक्यातून द्यायचा. "काहून रडून राह्यली?" "रडत नाही. कांदा चिरला." सांगलीकराला 'काहून' म्हणजे 'का' हे कुणी सांगावं लागत नाही. प्रश्न नवा असला तर उत्तर ओळखीचं ठेवा, उत्तर नवं असलं तर प्रश्न ओळखीचा ठेवा. दोन्ही एकदम अनोळखी ठेवू नका.

जिथे शब्द फसवे असतात तिथे हातांकडून काम करून घ्या. एका शिबिरात मालवणकडच्या एका तरुणानं कथा वाचली. तीत आजी नातवाला 'मेल्या' म्हणत होती. नागपूरकडच्या दोघांना ती आजी खाष्ट वाटली. मालवणी मंडळी हसत होती, कारण त्यांना त्यात माया ऐकू येत होती. शब्द बदलायची गरजच नव्हती. आजीनं स्वतःच्या ताटातली सुरमईची तुकडी उचलून त्याच्या ताटात घालायची आणि म्हणायचं, "जेव मेल्या, लाजतंस कित्याक?" आता नागपूरलाही शंका उरत नाही.

संवादाचं झालं, पण निवेदन कुठल्या भाषेत करायचं? पत्रात हे विचारलेलं नाही, तरी खरी मेख इथेच आहे. मराठीत यासाठी तीन कादंबऱ्या मांडीवर घेऊन बसावं. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ची. तीत गोष्ट सांगतो तो धनगरांच्या वाडीवर नेमणूक झालेला तरुण मास्तर. तो शिकलेला, बाहेरून आलेला, म्हणून त्याचं निवेदन प्रमाण मराठीत आणि वाडीची माणसं माणदेशीत. त्या दोन भाषांमधलं अंतर हाच कादंबरीचा एक विषय आहे. मास्तर हळूहळू वाडीचा होत जातो, तरी तो वाडीचा माणूस नाही, हे भाषाच आपल्याला सांगत राहते.

उद्धव शेळक्यांच्या 'धग'मध्ये (१९६०) सांगणारा कथेबाहेरचा आहे. कौतिक आणि तिचं घर वऱ्हाडीत बोलतं. निवेदन प्रमाणाच्या जवळ राहतं, पण परकं होत नाही. अकोल्याच्या बाईंनी हे पुस्तक पुन्हा काढावं आणि फक्त संवाद आणि निवेदन यांच्यामधले सांधे बघावेत. सांगणारा कौतिकपेक्षा शहाणा होऊन बोलत नाही, ही त्यातली शिकण्याची गोष्ट.

तिसरी आनंद यादवांची 'गोतावळा', १९७१ची. मळ्यावर राबणारा नारबा स्वतःच सांगतो, त्यामुळे निवेदनही सगळं त्याच्या बोलीत. ट्रॅक्टर येतो आणि जनावरं जातात. शिकलेल्या निवेदकानं हेच सांगितलं असतं, तर त्याच्या तोंडी 'यांत्रिकीकरण'सारखा शब्द आलाच असता. नारबाकडे तो शब्द नाही. त्याचा गोतावळा म्हणजे ती जनावरंच, आणि गोतावळ्यातलं कुणी गेल्यावर माणूस जसं बोलेल तसं तो बोलतो. इथे बोली काढली तर कादंबरीच उरत नाही.

तेव्हा स्वतःला एकच प्रश्न विचारा : सांगणारा या माणसांपासून किती लांब उभा आहे? तो मास्तराइतका लांब असेल तर निवेदन प्रमाण ठेवा, नारबाइतका आत असेल तर सगळं बोलीत जाऊ द्या. मधली जागा असेल तर शेळक्यांकडे जा. 'बोली वापरली की कथा अस्सल होते' या भरवशावर मात्र कुठलीही जागा निवडू नका.

आणखी एक खोड सांगतो, कारण ती चांगल्या चांगल्या हस्तलिखितांत दिसते. एकाच गावातली माणसं, पण गडी आणि मोलकरीण बोलीत बोलतात, तर डॉक्टर आणि सरपंचांची मुलगी छापील मराठीत. म्हणजे लेखकानं बोलीला खालची जागा दिली. प्रत्यक्षात अकोल्याचा डॉक्टर जेवायला घरी आला की आईशी 'मले' आणि 'तुले'च करतो. तोच माणूस मुंबईच्या परिषदेत वेगळं बोलतो आणि आईचा फोन आला की पुन्हा बदलतो. हा बदल नोंदवा. वसतिगृहातला पोरगा मित्रांसमोर आईचा फोन घेतो आणि प्रमाण मराठीत बोलतो, पलीकडची आई क्षणभर गप्प होते. एवढ्यात एक कथा बसते.

पुण्या-मुंबईकडे बोली नसते, असंही समजू नका. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' 'करमणूक'मधून क्रमशः येत होती. तिच्यात यमू बोलते ती पुस्तकी मराठी नाही, त्या काळच्या घरातल्या बायकांच्या बोलण्याची ती चाल आहे. भाऊ पाध्यांच्या 'वासूनाका'त (१९६५) पोक्या बोलतो ती मुंबईतल्या नाक्यावरच्या पोरांची. आज कोथरूडच्या सोसायटीतली आजी आणि तिचा आयटीतला नातूही दोन वेगळ्या मराठी बोलतात. लेखकाचा कान बहुधा गावात गेल्यावर उघडतो आणि स्वतःच्या घरात आल्यावर बंद होतो.

या आठवड्याचं काम : दोन भावंडांची जमिनीच्या किंवा फ्लॅटच्या वाटणीवरून बोलाचाली, फार तर बारा वाक्यं. भाषा तुमच्या घराण्याची. अट अशी की एकही उच्चार मोडून लिहायचा नाही. वाक्याची घडण, हाक आणि त्या मुलखाचे शब्द एवढ्यावर गाव दिसलं पाहिजे. लिहून झालं की त्या गावच्या कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवा आणि त्याच्या तोंडाकडे बघा. ज्या वाक्याला तो मध्येच थांबवून "आमच्याकडे असं म्हणत नाहीत" म्हणेल, ते वाक्य तिथल्या तिथे त्याच्याकडून बोलून घ्या आणि तसंच उतरवून ठेवा. ही बारा वाक्यं जपून ठेवा. शेवटाचा लेख पुढच्या आठवड्यात याच भांडणावरून सुरू करणार आहे, कारण बारावं वाक्य कुणी बोलायचं, हा शेवटाचाच प्रश्न आहे.