ढिली तार आधी तुटते
घरच्या घरी सायकल : लेखांक सहावा

गेल्या आठवड्यात आपण हब उघडला, छर्रे धुतले, नवं ग्रीस भरलं आणि कोन बेताने आवळले. चाक आता मोकळं फिरतं. पण सायकल उलटी करून तेच चाक हाताने फिरवलं, की ब्रेकच्या रबरांमधून रिम डावी-उजवीकडे झुलताना दिसते. मग आपण दुकानात जाऊन सांगतो, ‘चाक आउट झालंय, आउट काढून द्या.’ मिस्त्री चावी घेतो, रिमपाशी तारांच्या टोकांवर बसवलेली इकडची-तिकडची निपलं पिळतो आणि चाक सरळ होऊन मिळतं. हे काम घरीही नीट होतं. मात्र चावी हातात घेण्याआधी चाक ओझं पेलतं कसं, हे समजून घ्या. ते न कळता पिळलेल्या निपलाने चाक आज सरळ होईल, पण थोड्याच दिवसांत एखादी तार तुटेल.

बैलगाडीच्या चाकात ओझं तुंब्यातून खालच्या आऱ्यावर येतं. तो आरा दाबला जातो आणि दाब सोसण्याइतका जाडही असतो. सायकलच्या तारेची जाडी जेमतेम २ मिलिमीटर. सुटी तार टेबलावर उभी धरून वरून बोटाने दाबली, तर ती लगेच वाकते. तरी अशाच तारांवर दूधवाला दोन्ही बाजूंना भरलेल्या कॅन अडकवून खड्ड्यांतून जातो. याचं कारण असं, की चाक बांधतानाच प्रत्येक तारेला जबर ताण दिलेला असतो. चांगल्या बांधलेल्या चाकात एका तारेवर १०० किलोंच्या आसपास ओढ असू शकते. सगळ्या तारा रिमला आत खेचतात आणि त्या ओढीत रिम चहूबाजूंनी सारखी आवळलेली राहते.

आता तुम्ही सायकलवर बसलात, की काय होतं? हब वरच्या तारांना लटकतो, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात वरच्या तारांचा ताण फारसा बदलत नाही. जमिनीजवळच्या मोजक्या तारांचा ताण मात्र कमी होतो आणि ओझं पेललं जातं ते त्या घटीतून. जॉब्स्ट ब्रॅन्ट या अमेरिकन अभियंत्याने १९८१ साली निघालेल्या ‘द बायसिकल व्हील’ या पुस्तकात हे गणिताने दाखवलं. चाकांवर इतकं स्वच्छ लिहिलेलं दुसरं पुस्तक माझ्या पाहण्यात नाही.

घरच्या दुरुस्तीचं सगळं मर्म यातच आहे. मूळ ताण पुरेसा असेल, तर खाली आलेली तार थोडी सैलावते, पण तिच्यात ओढ शिल्लक राहते. मुळातच ढिली असेल, तर खाली येताच तिचा ताण पार जातो, हबच्या भोकातलं तिचं वाकण हलतं, निपल आपोआप उलगडायला लागतं आणि तार वर येताच तिला पुन्हा झटका बसतो. २८ इंची चाक एका फेऱ्यात साधारण सव्वादोन मीटर जातं, म्हणजे किलोमीटरला साडेचारशेच्या आसपास फेरे. रोज १० किलोमीटर चालवणाऱ्याच्या सायकलीत वर्षाकाठी सोळा लाखांहून जास्त वेळा हे घडतं. धातू असाच थकतो. म्हणून तार बहुधा मधे तुटत नाही, हबजवळच्या वाकणापाशी तुटते. ‘जास्त आवळलं म्हणून तुटली’ हे आपण ऐकत आलो आहोत, पण बहुतेक वेळा ती ढिली होती म्हणून तुटलेली असते.

तारा हबमधून सरळ न निघता तिरप्या का निघतात, तेही इथेच पाहून घेऊ. साखळी हबला फिरवते आणि ती फिरकी रिमपर्यंत पोचवायची असते. सरळ बाहेर जाणारी तार हे काम नीट करू शकत नाही. तिरपी तार हबला जणू स्पर्शून जाते, म्हणून तिला ते जमतं. इंग्लंडमधल्या कॉव्हेन्ट्रीच्या जेम्स स्टार्ली यांनी १८७४ साली अशा तिरप्या तारांच्या चाकाचं पेटंट घेतलं आणि आजही बहुतेक चाकं त्याच पद्धतीने बांधली जातात. आपल्या काळ्या सायकलीला पुढे ३२ आणि मागे ४० तारा असतात, कारण माणसाचं आणि कॅरियरचं बहुतेक ओझं मागच्या चाकावर येतं.

आता कामाला लागू. सायकल सीट आणि हॅन्डलवर उलटी उभी करा. टायरमधली हवा काढा. प्रत्येक निपलाच्या मुळाशी आणि आट्यावर तेलाचा एकेक थेंब सोडून तासभर थांबा. पावसाळा काढलेल्या सायकलीत ही पायरी गाळूच नका. गंजलेलं निपल फिरत नाही, त्याच्याबरोबर तारच पीळ खाते आणि निपल फिरलं असं आपल्याला वाटतं. तारेवर चिकटपट्टीचा छोटा झेंडा लावला, तर तार फिरते आहे का ते दिसतं. चावी निपलावर घट्ट बसणारी घ्या. सैल चावीने पितळेच्या निपलाचे कोपरे गोल होतात आणि मग ते पकडीनेच काढावं लागतं.

आधी कानाने तपासा. एका बाजूच्या तारा बोटाने छेडत जा. ताण सारखा असेल, तर आवाज साधारण एकाच उंचीचा येतो आणि ढिली तार बद्द वाजते. डाव्या बाजूची उजवीशी तुलना करू नका. मागच्या चाकात फ्रीव्हीलला जागा द्यायची असल्याने उजव्या तारा मुळातच जास्त ताणलेल्या असतात. गिअरच्या सायकलीत हा फरक मोठा असतो आणि तिथे डावीकडच्या तारा आधी ढिल्या पडतात. बद्द वाजणाऱ्या तारा आधी शेजारणींच्या बरोबरीला आणा. कित्येकदा निम्मा आउट एवढ्यानेच जातो.

मग खडू चाक धरणाऱ्या चिमट्याला (फोर्कला) टेकवून रिमच्या अगदी जवळ धरा आणि चाक सावकाश फिरवा. रिम जिथे त्या बाजूला येते तिथेच खूण उमटते. खूण उजवीकडे उमटली, तर तिथल्या डाव्या तारा आवळायच्या आणि उजव्या तितक्याच ढिल्या करायच्या. मधल्या तारेला अर्धा फेरा, आजूबाजूच्यांना पाव. एका पूर्ण फेऱ्यात निपल जेमतेम ०.४५ मिलिमीटर सरकतं, पण चाकाला तेवढंही पुष्कळ होतं. दिशेत गफलत होते ती इथे: टायरच्या बाजूने पाहिलं, तर निपल घड्याळाच्या काट्यांसारखं फिरवल्यावर आवळतं आणि हबकडून पाहिलं, तर त्याच्या उलट. रिम वर-खाली उडत असेल, तर उंचावलेल्या जागी दोन्ही बाजूंच्या तारा सारख्या आवळा. सळ्यांचे ब्रेक असलेल्या काळ्या सायकलीत रबर रिमच्या आतल्या अंगाला लागतं, म्हणून तिथे वर-खाली आउट जास्त त्रास देतो. कॅलिपर ब्रेकला आडवा आउट आधी जाणवतो. रोजच्या वापराला १ मिलिमीटरच्या आतला आउट चालतो. तो पार शून्यावर आणण्याच्या हट्टापायी ताण असमान झाला, तर चाक दिसेल सरळ, पण टिकणार नाही.

खड्ड्यात आपटून पिचकलेली रिम मात्र तारांनी ओढून सरळ करायला जाऊ नका. ती बदला. तेही घरी जमतं आणि त्यासाठी पहिल्यापासून चाक विणायची गरज नाही. त्याच मापाची, तितक्याच भोकांची आणि तितक्याच खोलीची रिम आणा. व्हॉल्व्हची भोकं समोरासमोर येतील अशी ती जुन्या रिमला चिकटपट्टीने तीन-चार जागी बांधा. रिमची भोकं आळीपाळीने किंचित डाव्या-उजव्या अंगाला असतात, तीही जुळली पाहिजेत. जुनी निपलं सगळी सारखी ढिली करून घ्या आणि एकेक तार सोडून शेजारच्या भोकात नेत चला. सगळ्या तारा आल्या, की जुनी रिम बाजूला काढा. प्रत्येक निपल तारेचा आटा दिसेनासा होईपर्यंत फिरवलं, म्हणजे सगळ्यांची सुरुवात एकाच जागेवरून होते. तिथून पुढे व्हॉल्व्हपासून सुरू करून अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने आवळत जा.

ताण आला, की जाड हातमोजे घालून जवळपास समांतर जाणाऱ्या दोन-दोन तारा मुठीत धरून जोराने एकत्र दाबा. पूर्ण चाकभर. याने हबच्या भोकात तारांची वाकणं नीट बसतात. त्यानंतर आउट पुन्हा तपासा, थोडा आलेला असेल. निपलाच्या डोक्याबाहेर तारेचं टोक आलं असेल, तर ते कानसून मगच रिमटेप लावा, नाहीतर पहिल्याच दिवशी ट्यूब आतून पंक्चर होईल. आठवडाभर चालवल्यावर तारा पुन्हा एकदा छेडून पाहा.

मागच्या चाकात उजवीकडची तार तुटली असेल, तर नवी घालायला फ्रीव्हील काढावं लागतं. त्याची हत्यारं आणि युक्त्या पुढच्या लेखांकात.