लष्कर रस्त्यावर येते ते कोणाच्या सहीने?

जानेवारी १९९३मध्ये दंगलीने होरपळणाऱ्या मुंबईत लष्कर उतरले, तेव्हा देशात आणीबाणी नव्हती आणि महाराष्ट्रात राष्ट्रपती राजवटही नव्हती. तरीही कुठे दंगल उसळली की ‘आणीबाणी लावा, मिलिटरी आणा’ ही मागणी आजही एका दमात होते. वास्तविक या दोन गोष्टींचे रस्ते वेगळे आहेत.

लष्कराची मदत घेण्याची तरतूद रोजच्या फौजदारी कायद्यातच आहे. आधी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३०मध्ये होती. जुलै २०२४पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४९मध्ये आहे. बेकायदेशीर जमाव एरवी पांगत नसेल, तर जिल्हा दंडाधिकारी, म्हणजे बहुतेक ठिकाणी आपले कलेक्टरच, तो पांगवण्याचे काम लष्कराला सांगू शकतात. दंडाधिकाऱ्याशी संपर्कच होत नसेल तर तिथला लष्करी अधिकारी स्वतः पाऊल उचलू शकतो, पण संपर्क होताच त्याने दंडाधिकाऱ्याचे ऐकायचे असते. बळ कमीत कमी वापरायचे, माणसांना आणि मालमत्तेला कमीत कमी इजा करायची, हेही कायद्यातच लिहिले आहे. मुंबईत अडले ते अधिकारापाशी नव्हे. लष्कराचा परिणामकारक वापर करण्याचे आदेश देण्यात राज्य सरकारने मोलाचे चार दिवस घालवले, असा ठपका या दंगलीची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने ठेवला. त्या चार दिवसांत माणसे मरत होती.

राष्ट्रपती सेनादलांचे सरसेनापती आहेत, म्हणून ते मनात येईल तेव्हा फौज पाठवू शकतात, हाही असाच समज. राज्यघटनेच्या कलम ७४नुसार ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. २५ जून १९७५च्या रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली ती पंतप्रधान इंदिरा गांधींच्या सल्ल्यावरून. मंत्रिमंडळाला ते कळले दुसऱ्या दिवशी सकाळी. त्यानंतर लोकांना घरातून उचलून येरवड्यासारख्या तुरुंगांत टाकले ते पोलिसांनी, जवानांनी नव्हे. मंत्रिमंडळाला न विचारता आणीबाणी लावण्याची ही पळवाट बुजवण्यासाठी १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय सक्तीचा केला. ‘अंतर्गत अशांतता’ हे सैल शब्द काढून ‘सशस्त्र बंड’ घातले. घोषणेला महिनाभरात संसदेच्या दोन्ही सभागृहांची विशेष बहुमताने मंजुरी लागते, आणि जगण्याचा हक्क देणारे कलम २१ आणीबाणीतही स्थगित करता येत नाही. माझ्या मते आपल्या घटनेतल्या सर्वांत मोलाच्या दुरुस्त्यांपैकी ही एक.

राष्ट्रपती राजवट तर आणखी निराळी. नोव्हेंबर २०१९मध्ये महाराष्ट्रात ती लागली आणि उठली. रस्त्यांवर फौज कुठे दिसली? शिवाय ठिपक्याठिपक्यांचा गणवेश दिसला म्हणजे लष्कर आले, असेही नाही. सीआरपीएफ आणि तिचे शीघ्र कृती दल ही गृहमंत्रालयाची दले आहेत, तर एसआरपीएफ राज्याचे पोलीस.

खरी काळजी वाटायला हवी ती ‘अफ्स्पा’ची, म्हणजे सशस्त्र दलांना विशेष अधिकार देणाऱ्या कायद्याची. १९५८च्या या कायद्यालाही आणीबाणी लागत नाही. राज्यपालांनी किंवा केंद्राने एखादा भाग ‘अशांत’ जाहीर केला की पुरेसे. तिथे इशारा देऊन प्राण जाईपर्यंत गोळीबार करता येतो, आणि जवानावर खटला भरायचा तर आधी केंद्राची परवानगी लागते. सर्वोच्च न्यायालयाने १९९७मध्ये हा कायदा वैध ठरवला, पण एक अट घातली: ‘अशांत’ या शिक्क्याचा दर सहा महिन्यांनी फेरविचार करायचा.