सर्व्हर वाढवले, तरी शेअरपॉइंट हळूच

कंपनी पाचशे माणसांची असताना बसवलेला शेअरपॉइंट ती पाच हजारांची झाली की कुरकुरायला लागतो. मग आढावा बैठकीत ठरलेली वाक्यं येतात. युजर फार वाढलेत. अजून एक सर्व्हर टाका. रॅम दुप्पट करा. नाहीतर सगळं ऑनलाइनला हलवा आणि मोकळे व्हा. प्रत्येक वाक्यात थोडं तथ्य आहे, म्हणून तर ती टिकून आहेत. पण खरेदीची ऑर्डर निघण्याआधी त्यातलं किती खरं, हे तपासलेलं बरं. शेअरपॉइंटच्या बहुतेक मर्यादा मायक्रोसॉफ्टने आकड्यांसकट जाहीर केल्या आहेत, आणि रोज नडणाऱ्या मर्यादांचा कर्मचारी किती आहेत याच्याशी फारसा संबंध नाही.

हे सगळं कंपनीच्या स्वतःच्या डेटा सेंटरमधल्या शेअरपॉइंट सर्व्हरबद्दल आहे. मिळून काम करणाऱ्या अशा सर्व्हरांच्या गटाला फार्म म्हणतात. पुढे युजरची मागणी घेणारे फ्रंट-एंड, त्यामागे सर्च आणि इतर सेवा चालवणारे ॲप्लिकेशन सर्व्हर, आणि सगळ्यांच्या तळाशी एसक्यूएल सर्व्हर. लिस्टमधली प्रत्येक नोंद, प्रत्येक फाइल, कुणाला काय दिसावं याची प्रत्येक परवानगी शेवटी तळाशीच जाऊन बसते.

‘युजर वाढले, म्हणून स्लो झालं’

पाच हजार कर्मचारी म्हणजे सर्व्हरवर पाच हजारांचा भार नव्हे. कुणी रजेवर, कुणी शॉप फ्लोअरवर, कुणी पान उघडून नुसतं वाचत बसलेलं. सर्व्हरला कळतं ते एवढंच, की सेकंदाला किती रिक्वेस्ट आल्या आणि प्रत्येक रिक्वेस्ट किती वेळ अडकून राहिली. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम इथे चपखल लागू पडतो. आत असलेल्यांची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले आत राहण्याचा वेळ. सेकंदाला ५० रिक्वेस्ट येतात आणि प्रत्येकीला अर्धा सेकंद लागतो, तर एका वेळी २५ चालू असतात. डेटाबेस मंदावला आणि त्याच कामाला दोन सेकंद लागू लागले, की १००. एकही माणूस वाढलेला नाही, पण फ्रंट-एंडवर अडकलेलं काम चौपट झालं.

शिवाय ताण सरळ रेषेत वाढत नाही. रिक्वेस्ट अनियमित येतात आणि एकाच रांगेतून जातात असं धरलं, तर यंत्र ५०% गुंतलेलं असताना कामाला मूळच्या दुप्पट वेळ लागतो, ८०% ला पाचपट आणि ९०% ला दहापट. ‘कालपर्यंत तर ठीक होतं’ ही युजरची तक्रार त्यामुळे बहुतेकदा खरीच असते. दिवसाची सरासरी काढून यातलं काही दिसत नाही. ऑफिस भरल्यानंतरची गर्दीची पंधरा-वीस मिनिटं मोजावी लागतात.

सर्वांत खादाड युजर कधीकधी माणूसही नसतो. सर्चचा क्रॉलर फ्रंट-एंडकडूनच पानं मागवतो, त्यासाठी डेटाबेस ढवळतो, आणि वेळापत्रकाकडे कुणी लक्ष दिलं नसेल तर ऐन कामाच्या वेळी पूर्ण क्रॉल सुरू करतो. क्रॉलसाठी वेगळा फ्रंट-एंड राखून ठेवता येतो. मोठ्या फार्ममध्ये तो ठेवावाच.

‘अजून एक फ्रंट-एंड टाका’

फ्रंट-एंडचा प्रोसेसर खरोखर दमला असेल, तर हा उपाय बरोबर आहे. लोड बॅलन्सरमागे आणखी एक मशीन उभं करायचं, काम वाटलं जातं. पण एसटी स्टँडवर तिकीट खिडक्या वाढवल्या म्हणून गाडीतल्या जागा वाढत नाहीत. अडथळा डेटाबेसमध्ये असेल तर नवा फ्रंट-एंड त्याच डेटाबेसवर जास्त मागण्या एकदम पाठवतो, आणि फार्म आधीपेक्षा हळू होऊ शकतो.

जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेलं गणित याच प्रकारचं. कामाचा पाचवा हिस्सा वाटता येत नसेल, तर कितीही मशीनं लावा, वेग पाचपटीच्या पुढे जात नाही. म्हणून ऑर्डर देण्याआधी एसक्यूएलवर थांबून राहिलेल्या क्वेरी आणि डिस्कला लागणारा वेळ पाहायचा. तासाभराचं काम आहे.

मग ‘एसक्यूएलच तगडा करू’ असं ठरतं आणि डेटाबेसवाल्यांचा हात शिवशिवायला लागतो. मशीनला ३२ कोअर असतील, तर एक क्वेरी सगळ्यांवर पसरवावी असं त्यांना वाटणं साहजिक आहे. शेअरपॉइंटला ते चालत नाही. एका क्वेरीला किती कोअर मिळावेत हे ठरवणारी मॅक्सडॉप ही सेटिंग १ च ठेवावी लागते. शेअरपॉइंटच्या टेबलांवर आपल्या मनाने इंडेक्स टाकणं किंवा रचना बदलणंही मायक्रोसॉफ्टच्या सपोर्टमध्ये बसत नाही. तसं केल्यास पुढच्या अपग्रेडला अडचण आली तर दाद कुणाकडे मागणार?

‘लिस्टमध्ये ५००० च्या वर नोंदी बसत नाहीत’

शेअरपॉइंटबद्दलचा सर्वांत पसरलेला गैरसमज हाच असावा. एका लिस्टमध्ये ३ कोटी नोंदींपर्यंत सपोर्ट आहे. ५००० ही लिस्टची मर्यादा नाही. एका क्वेरीने एका झटक्यात किती नोंदी चाळाव्यात, त्याची ती मर्यादा आहे.

आकडा ५००० च का, हे समजलं की बराच गोंधळ मिटतो. साइटचा मजकूर साठवणाऱ्या एका कंटेंट डेटाबेसमधल्या सगळ्या साइटच्या सगळ्या लिस्टच्या नोंदी एकाच मोठ्या टेबलात असतात. रजेचे अर्जही तिथेच, टेंडरची यादीही तिथेच. एसक्यूएल सर्व्हर वाचताना-लिहिताना ओळींना कुलूप लावतो, आणि एका टेबलावर अशी सुमारे ५००० कुलपं झाली की सुटी सुटी सांभाळत बसण्याऐवजी अख्ख्या टेबलालाच कुलूप घालतो. मग एका विभागाच्या बेशिस्त लिस्टपायी त्याच डेटाबेसमधल्या, ज्यांचा काडीचा संबंध नाही अशा लोकांची कामंही खोळंबतात. ५००० ची ही मर्यादा, म्हणजे थ्रेशोल्ड, हा त्याला घातलेला बांध आहे.

‘थ्रेशोल्ड ५०,००० करून द्या’ ही मागणी म्हणूनच नाकारावी. सर्व्हर आपला असल्यामुळे तो आकडा बदलता येतो, आणि इथेच अनेकांचा पाय घसरतो. बरोबर मार्ग असा की ज्या कॉलमवर गाळणी लावायची त्यावर इंडेक्स असावा, आणि व्ह्यूच्या पहिल्याच अटीने निकाल ५००० च्या आत यावा. वर्ष, विभाग, स्थिती असे कॉलम याला चालतात. लिस्ट मोठी झाल्यावर हे करायला गेलात तर इंडेक्स जोडण्याचं कामच थ्रेशोल्डमध्ये अडकतं. मग रात्रीची खास वेळ उघडून देण्यासाठी फार्म ॲडमिनकडे जावं लागतं. इंडेक्स लिस्ट रिकामी असतानाच टाकावेत.

एकेका फाइलला वेगवेगळी परवानगी देण्याची सवयही अशीच महागात पडते. एका लिस्टमध्ये स्वतंत्र परवानग्यांच्या ५०,००० पर्यंत संचांना सपोर्ट आहे, पण त्याच्या कितीतरी आधी तपासणीचा भार जाणवायला लागतो. परवानगी फोल्डरला किंवा लायब्ररीला द्या, माणसांऐवजी ग्रुपला द्या. हे सांगून सांगून ॲडमिन थकतात, आणि दर तिमाहीला कुणीतरी हजारो फायली एकेकीने शेअर केलेल्या सापडतात.

‘जागा काय, डिस्क लावली की झालं’

कंटेंट डेटाबेस नेहमीच्या वापरासाठी २०० जीबीच्या आत ठेवावा अशी शिफारस आहे. ‘आमचा तर ८०० जीबीचा आहे आणि चालतोय’ असं कुणी म्हणतं, आणि तेही खरं असू शकतं, कारण ४ टीबीपर्यंत सपोर्ट आहे. अट अशी की डिस्कने दर जीबीमागे सेकंदाला किमान ०.२५ वाचन-लेखनं पेलली पाहिजेत, आणि चांगल्या कामगिरीसाठी २. म्हणजे ४ टीबीला किमान हजारेक, शिफारशीप्रमाणे आठ हजारांच्या वर. त्याबरोबर बॅकअप आणि आपत्कालीन व्यवस्थेची योजनाही हवी.

ही शेवटची अट वाचून पुढे जाऊ नये. सेकंदाला २०० एमबी या वेगाने २०० जीबीचा डेटाबेस १७ मिनिटांत परत उभा राहतो. ४ टीबीला त्याच वेगाने पावणेसहा तास. दुपारी बारा वाजता डेटाबेस बिघडला, तर लोकांनी जेवून परत यावं की घरी जावं, हे या आकड्यावर ठरतं. माझ्या मते डेटाबेसचा आकार डिस्क बघून ठरवूच नये. संस्था किती तास थांबू शकते ते आधी विचारावं आणि त्यावरून ठरवावा.

फायली डेटाबेसबाहेर ठेवणाऱ्या रिमोट ब्लॉब स्टोरेजने ही मर्यादा सुटते असंही मानलं जातं. सुटत नाही. बाहेर ठेवलेल्या फायलीही त्याच मर्यादेत मोजल्या जातात.

बहुतेक ठिकाणी जागा नव्या फायली खात नाहीत, जुन्या व्हर्जन खातात. १ लाख फायली, सरासरी ५०० केबी, म्हणजे सुमारे ४८ जीबी. प्रत्येकीच्या १० व्हर्जन पूर्ण ठेवल्या तर सुमारे ४७७ जीबी, वर नोंदींच्या माहितीचे १० केबी प्रत्येकी. २०१३ च्या आवृत्तीपासून बदललेले तुकडेच साठवण्याची सोय आली, त्यामुळे वर्ड-एक्सेलच्या फायलींत बरीच बचत होते. स्कॅन केलेली पीडीएफ दर वेळी नव्याने चढवली, तर तसा फायदा होत नाही. डिलीट केलेलंही लगेच जात नाही. रिसायकल बिन त्याच डेटाबेसमध्ये असतो आणि नेहमीच्या सेटिंगप्रमाणे ३० दिवस धरून ठेवतो. त्यानंतरही डेटाबेसची फाइल आपोआप लहान होत नाही. आत मोकळी जागा तयार होते, ती पुढे वापरली जाते.

वाढणाऱ्या फार्मसाठी मोलाचा नियम वेगळाच आहे. एक साइट कलेक्शन, म्हणजे वरची एक साइट आणि तिच्याखालच्या सबसाइट, एकाच कंटेंट डेटाबेसमध्ये राहतं, दोनांत विभागता येत नाही. पूर्ण साइट कलेक्शन दुसऱ्या डेटाबेसमध्ये हलवणं सोपं आहे. पण अख्खी कंपनी एकाच साइट कलेक्शनखाली सबसाइट करून थाटली असेल, तर हलवायला काही उरतच नाही. विभागाला किंवा प्रकल्पाला स्वतंत्र साइट कलेक्शन पहिल्या दिवसापासून द्यावं. तेव्हा याला एक रुपया लागत नाही.

‘रॅम दुप्पट करा’

एसक्यूएल सर्व्हरला रॅम द्या, ती सत्कारणी लागते. फ्रंट-एंडच्या बाबतीत दोन गोष्टी आधी बघाव्या. व्हर्च्युअल मशीनला गरजेप्रमाणे कमी-जास्त होणारी मेमरी दिली असेल, तर ती शेअरपॉइंटसाठी सपोर्टमध्येच नाही. मेमरी ठरावीक हवी. दुसरी गोष्ट डिस्ट्रिब्युटेड कॅशे. ती आपोआप सर्व्हरच्या रॅमचा दहावा हिस्सा धरते, आणि एका सर्व्हरवर तिला १६ जीबीपेक्षा जास्त द्यायची नसते. जास्त दिली तर सर्व्हर मध्येच दहा सेकंदांहून जास्त वेळ गप्प बसू शकतो.

‘अर्धा फार्म पुण्यात, अर्धा नागपुरात’

आग लागण्याची भीती घातली की हा प्रस्ताव येतो. एका फार्ममधल्या सर्व्हरांमध्ये एका दिशेचा विलंब १ मिलिसेकंदाच्या आत हवा, आणि तोही ९९.९% वेळ. शिवाय सेकंदाला १ गिगाबिटची वाट. फायबरमध्ये प्रकाश मिलिसेकंदाला साधारण २०० किलोमीटर जातो. पुणे ते नागपूर अंतर सुमारे ७०० किलोमीटर, म्हणजे मधली सगळी उपकरणं शून्य वेळ घेतात असं धरलं तरी साडेतीन मिलिसेकंद. लिंकवाल्याशी कितीही घासाघीस केली तरी हे कमी होणार नाही. नागपुरात दुसरा स्वतंत्र फार्म उभा करून डेटाबेसच्या प्रती तिकडे पाठवत राहणं, हाच मार्ग.

‘ऑनलाइनला गेलो की सुटलो’

मायक्रोसॉफ्ट स्वतः चालवते त्या शेअरपॉइंट ऑनलाइनवर गेल्यास सर्व्हर, पॅच, डिस्क यांतून सुटका होते, हे मोठंच आहे. जुलै २०२५ मध्ये स्वतःच्या आवारातल्या शेअरपॉइंट सर्व्हरांवर जगभर हल्ले झाले तेव्हा ऑनलाइनवाल्यांना त्याची झळ लागली नाही. शेअरपॉइंट सर्व्हरच्या २०१६ आणि २०१९ या दोन्ही आवृत्त्यांचा सपोर्ट संपण्याची तारीख १४ जुलै २०२६ ठरवलेली आहे, त्यामुळे अनेक संस्थांना सर्व्हरची सबस्क्रिप्शन एडिशन किंवा ऑनलाइन यांतून निवड करावीच लागते.

पण ५००० चा थ्रेशोल्ड तिकडेही आहे, आणि तिकडे तो बदलून देणारा फार्म ॲडमिन नाही. वर दुसऱ्या प्रकारचा लगाम आहे. एखादं ॲप्लिकेशन फार वेगाने मागण्या करू लागलं की सेवा त्याला ४२९ हा कोड देऊन परत पाठवते आणि किती सेकंद थांबायचं तेही सांगते. न थांबता पुन्हा पुन्हा धडका मारणारे घरचे जुने स्क्रिप्ट तिथे आणखी अडतात. फायली हलवणाऱ्या टूललाही हाच नियम. म्हणून स्थलांतराचं वेळापत्रक आखताना एकूण जीबी आधी बघू नयेत. व्हर्जन किती, परवानग्या किती आणि त्यांतल्या किती खरोखर न्यायच्या, हे लायब्ररीगणिक त्या-त्या विभागप्रमुखाकडून लेखी घ्यावं.