खुर्चीच्या उंचीचा वाफा

निरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा करणारा बारामतीचा शेतकरी काय किंवा निमगाव केतकीच्या पानमळ्यात वाढलेला इंदापूरचा पोरगा काय, सैन्यात गेला तरी सुट्टीवर आल्याच्या दुसऱ्या सकाळी बांधावर दिसतो. अशा जवानाच्या पाठीच्या कण्याला इजा होऊन कमरेखालचं अंग लुळं पडलं, की त्याचं चालणं जातं आणि मातीही जाते. चालण्याची थोडीफार भरपाई व्हीलचेअर करते. मातीचा विचार फारसा कुणी करत नाही.

पुण्याजवळ खडकीत या माणसांसाठी दोन जुन्या संस्था आहेत. क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूटची सुरुवात लेडी विलिंग्डन यांनी 1917 मध्ये केली, पहिल्या महायुद्धात अपंग झालेल्या हिंदी सैनिकांच्या हाताला धंदा मिळावा म्हणून. दुसरी पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर, 1974 ची. कण्याला इजा झालेले जवान इथे वर्षानुवर्षं राहतात, व्हीलचेअरवर बास्केटबॉल खेळतात, काहीजण तोंडात ब्रश धरून चित्रं काढतात. 1965 च्या युद्धात जखमी झालेल्या सांगलीच्या मुरलीकांत पेटकरांनी उपचार म्हणून पोहणं धरलं आणि 1972 ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकलं. उपचार म्हणून सुरू झालेलं काम स्वतःचं झालं की माणूस उभा राहतो. खुर्चीत बसून करता येईल अशा बागेकडूनही मला हीच अपेक्षा आहे.

मात्र ही बाग बाकावर बसून बघायची नव्हे. तिची मापंच वेगळी. खुर्ची समोरून आत शिरायची तर वाफ्याखाली गुडघ्यांसाठी सुमारे 70 सेंटीमीटर मोकळी जागा लागते, म्हणून वर मातीचा थर उथळ ठेवावा लागतो. त्यात मेथी, पालक, कोथिंबीर, पुदिना. वांगी-टोमॅटोला खोल माती हवी. त्यांचा वाफा जमिनीपासून भरीव बांधायचा, साधारण 60 सेंटीमीटर उंच, आणि खुर्ची बाजूने लावायची. बसून हात पोचतो तेवढीच रुंदी. वाट सपाट, टणक, खुर्ची वळेल एवढी दीड मीटरची. मुरूम किंवा खडी अजिबात नको.

खरी काळजी मात्र शरीराची. पायात काटा मोडला तरी या माणसाला कळत नाही आणि ती जखम महिनोन्‌महिने चिघळू शकते. म्हणून वाटेलगत गुलाब नको, बोगनवेल नको. मोगरा, अबोली चालेल. उन्हात तापलेल्या ठिबकच्या काळ्या नळीतलं पहिलं पाणी मांडीवर सांडलं तर चटका जाणवत नाही, फोड मात्र येतो. इजा मानेजवळ असेल तर खालच्या अंगाला नीट घाम येत नाही आणि ऊन पटकन बाधतं. उन्हाळ्यात काम सकाळी लवकरच उरकायला हवं. बेडसोर होऊ नये म्हणून दर 15 ते 30 मिनिटांनी हातांवर भार देऊन बूड उचलायचं, हे सोबतच्या माणसाने आठवणीत ठेवायचं.

इंग्लंडमध्ये सॅलिसबरीच्या कणा-उपचार केंद्रात 2012 मध्ये 'होरेशिओज गार्डन' सुरू झालं. होरेशिओ चॅपल हा शाळकरी मुलगा तिथे स्वयंसेवक होता. बाग कशी हवी, हे त्याने रुग्णांनाच विचारलं होतं. 2011 मध्ये, अवघ्या सतराव्या वर्षी तो गेला. पण त्याच्या नावाच्या बागा आज ब्रिटनमधल्या अनेक कणा-उपचार केंद्रांत आहेत आणि मुख्य माळ्यासोबत स्वयंसेवक त्या सांभाळतात. रुग्णांना आधी विचारण्याची ही रीत मला सगळ्यात मोलाची वाटते.

कारण स्वयंसेवकाचा हात शिवशिवतो. जवान एक रोप लावेपर्यंत आपली दहा लावून होतात, आणि मग खुरपं नकळत त्याच्या हातातून आपल्या हातात येतं. ते येऊ द्यायचं नाही. खतमाती भरणं, नळ्या जोडणं, तुंबलेले ड्रिपर साफ करणं ही कामं स्वयंसेवकाची. काय लावायचं, कधी खुडायचं, कुणाला द्यायचं हे जवानाने ठरवायचं.

बारामतीजवळ माळेगाव खुर्दच्या कृषी विज्ञान केंद्राच्या भागात ठिबक आणि ट्रेमधली भाजीची रोपं माहीत नसलेला शेतकरी विरळा. उथळ वाफ्याला हेच ज्ञान लागतं, कारण तिथली माती फार लवकर वाळते. इंदापूरच्या एखाद्या माजी सैनिकाच्या अंगणात असा एक वाफा उभारायला चार माणसं आणि एक रविवार पुरे. आधी त्याच्या खुर्चीचं माप घ्या आणि त्याला कुठली भाजी लावायची आहे ते विचारा.